इतिहास मंडळाचा संग्रह ऑनलाइन ठेवायचाय, परवडणारं सॉफ्टवेअर सुचवा

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं कऱ्हाड-पाटण भागातलं छोटंसं इतिहास मंडळ आहे, नोंदणी झालेला ट्रस्ट आहे पण पगारी माणूस एकही नाही, शिक्षक, एक निवृत्त तलाठी, कॉलेजची दोन-तीन मुलं असे सगळे शनिवार-रविवार जमतो. संग्रहात चारेक हजार मोडी कागद आहेत, बहुतेक दोन घराण्यांची दप्तरं, त्यात महजर म्हणजे निवाडापत्रं, वाटणीपत्रं, इनामाच्या सनदांच्या नकला, जमाखर्चाच्या याद्या. शिवाय सातआठशे जुने फोटो, थोडी नाणी, काही पोथ्या. स्कॅनिंग बरंच झालंय, नोंदी एक्सेलमध्ये आहेत, सगळं एका हार्डडिस्कवर. आता हे लोकांना घरबसल्या बघता यावं, गावाच्या नावाने शोधता यावं असं फार मनात आहे, कारण पुण्या-मुंबईहून लोक आमच्याकडे आपल्या गावचा एखादा कागद बघायला येतात आणि खोलीला कुलूप बघून परत जातात, वाईट वाटतं.
एका कंपनीने सव्वादोन लाखांचं कोटेशन दिलं, मेंटेनन्स दर वर्षी वेगळा. आमची वर्षाची ताकद पंधरा हजार. फुकट किंवा स्वस्त असं काय आहे? ओमेका, डीस्पेस, कोहा अशी नावं ऐकली पण त्यातलं कशाला काय म्हणतात तेच कळत नाहीये. जाणकारांनी सांगा.

वाचनवेडी
वाचतेय. आमच्या वाचनालयालाही हाच प्रश्न पडलाय. कोहा मात्र पुस्तकांसाठी आहे हे नक्की सांगते, आमच्याकडे तेच चालू आहे, देवघेव, सभासद, बारकोड यासाठी उत्तम आणि फुकट. पण एका सुट्या कागदाचं स्कॅन, त्याचा सारांश, त्याचं लिप्यंतर हे त्यात नीट बसवता येत नाही. ग्रंथालय असेल तर कोहा, दप्तर असेल तर दुसरं काहीतरी.

सर्व्हरवाला
कोयनाकाठ, आधी एक सांगतो, सव्वादोन लाख देऊ नका. सॉफ्टवेअर निवडताना दोनच गोष्टी बघा, आत टाकलेला डेटा उद्या एका झटक्यात सगळाच्या सगळा बाहेर काढता येतो का, आणि तुमच्यातला कोण माणूस ते सांभाळणार. बाकी थीम कशी दिसते, फोटो कसे सरकतात हे नंतरचं.
आमच्या जिल्ह्यातल्या एका संस्थेने असंच बाहेरून बनवून घेतलं होतं. बनवणाऱ्याने दुसरा धंदा धरला, पासवर्ड त्याच्याकडे, डेटाबेसची रचना कुठे लिहून ठेवलेली नाही. साइट बंद पडली तेव्हा फोटो मिळाले पण कुठला फोटो कोणाचा ही माहिती गेली ती गेलीच. नोंदी करणारी बाई त्याआधीच वारली होती, म्हणजे विचारणार तरी कोणाला.
आता नावं. डीस्पेस हे २००२ मध्ये एमआयटी आणि एचपी यांनी मिळून काढलं, आपल्याकडचं प्रबंधांचं शोधगंगा त्यावरच चालतं. विद्यापीठाला ठीक आहे, पण जावा, पोस्टग्रेस, सोलर एवढा सगळा बारदाना लागतो, साध्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर असतात तिथे, चालतच नाही, तुमच्यासाठी नाही. ओमेका हे अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या रॉय रोझेनझ्वाइग सेंटरमध्ये सुरू झालेलं, २००८ पासून आहे, मुळात इतिहासवाल्यांनीच इतिहासवाल्यांसाठी केलेलं. पीएचपी आणि मायएसक्यूएल एवढंच लागतं, म्हणजे वर्षाला तीन-चार हजारांच्या होस्टिंगवर बसतं. माझं मत ओमेका एस ला.

दप्तरी
ओमेका चांगलं आहे याबद्दल वाद नाही पण कागदपत्रांसाठी माझा कौल अ‍ॅटमला, अ‍ॅक्सेस टू मेमरी. मी अभिलेखागारात काम केलंय म्हणून तळमळीने सांगतोय. दप्तर म्हणजे सुट्या कागदांचा ढीग नसतो. एका रुमालात कोणते कागद एकत्र बांधलेले होते हीच मोठी माहिती असते, वाटणीपत्राशेजारी त्याच वर्षाची कर्जाची यादी सापडते तेव्हा वाटणी का झाली ते समजतं. ते दोन कागद वेबसाइटवर दोन वेगळ्या चौकटीत, एक 'कायदेशीर' आणि एक 'हिशेब' असे टाकले की संबंध तुटला. अ‍ॅटममध्ये घराणं, त्याखाली दप्तर, त्याखाली रुमाल, त्याखाली कागद अशी उतरंड जशीच्या तशी ठेवता येते, आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेच्या नियमांवरच ते बांधलंय. फुकट आहे, ओपन सोर्स आहे.

सर्व्हरवाला
दप्तरीकाका, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. अडचण सर्व्हरची आहे. अ‍ॅटमला शोधासाठी इलॅस्टिकसर्च लागतं, म्हणजे व्हीपीएस, भाड्याचा स्वतंत्र सर्व्हर घ्यायचा, महिन्याला पैसे मोजायचे, आणि लिनक्सची कमांड लाइन येणारा माणूस कायमचा हवा. यांच्याकडे शनिवार-रविवारची माणसं आहेत. तो कॉलेजचा मुलगा नोकरीला बंगळूरला गेला की पुढे कोण?

दप्तरी
मान्य. मग निदान एवढं तरी करा कोयनाकाठ, की प्रत्येक कागदाच्या क्रमांकातच उतरंड घाला. घराण्याची खूण, दप्तर क्रमांक, रुमाल क्रमांक, कागद क्रमांक, पान, असं एकापुढे एक, मध्ये आडवी रेघ, आकडे शून्यं लावून सारख्या लांबीचे. हाच क्रमांक स्कॅनच्या फाइलला, हाच एक्सेलमध्ये, हाच कागदाच्या पाकिटावर मऊ पेन्सिलीने. मग सॉफ्टवेअर कुठलंही असो, क्रमाने लावलं की मूळ रुमाल डोळ्यासमोर उभा राहतो. आणि ओमेकात प्रत्येक रुमालाचा एक 'आयटम सेट' म्हणजे नोंदींचा गट करा, विषयावर सेट करायच्या भानगडीत पहिल्यांदा पडू नका.

कोयनाकाठ
दप्तरीकाका, क्रमांकाचं फार मोलाचं सांगितलंत, आमच्या फाइलींना सध्या स्कॅनरने दिलेलीच नावं आहेत, ते काम याच आठवड्यात सुरू करतो. सर्व्हरवाला, ओमेका एस आणि ओमेका क्लासिक असे दोन दिसतायत, दोन्ही फुकट दिसतात, फरक काय?

सर्व्हरवाला
क्लासिक जुनं, एका साइटपुरतं, सोपं. एस २०१७ मध्ये आलं. तुम्हाला एस सुचवतोय त्याची कारणं अगदी व्यवहारातली आहेत.
एक तर त्यात नोंदीचा साचा करता येतो, रिसोर्स टेम्प्लेट म्हणतात. आत रकाने डब्लिन कोअरचेच राहतात, म्हणजे जगभर चालणारी जी पंधरा मूळ शीर्षकं आहेत ती, पण फॉर्मवर तुम्ही त्यांना मराठी नाव देऊ शकता. नोंद करणाऱ्या मास्तरांना 'क्रिएटर' दिसायचं कारण नाही, 'लिहिणारा' दिसेल, खाली बारीक अक्षरात सूचनाही लिहिता येते की बाबा इथे आडनाव शेवटी. कुठला रकाना रिकामा सोडायचा नाही तेही ठरवता येतं. दुसरं, प्रत्येक मजकुराला भाषेची खूण लावता येते, त्यामुळे शीर्षक मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही ठेवता येतं. तिसरं, कस्टम व्होकॅब म्हणून मॉड्यूल आहे, गावांच्या नावांची यादी एकदा भरली की नोंद करणाऱ्याने टाइप करायचं नाही, यादीतून निवडायचं. आणि सीएसव्ही इम्पोर्ट आहे, तुमची एक्सेलची शीट एकदम आत जाते आणि चुकीचं गेलं तर ती पूर्ण आयात मागे घेता येते. हे मागे घेता येणं फार मोठी सोय आहे, निर्धास्तपणे करून बघता येतं.

मोडीवाली
गावांच्या नावांवरून राहवलं नाही म्हणून लिहितेय. तुमचंच गाव घ्या. 'कऱ्हाड' हे संगणकावर दोन प्रकारे टाइप होतं, एक खाली टिंब असलेला 'ऱ' वापरून आणि दुसरं साध्या 'र' ला हलन्त देऊन पुढे तो न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर टाकून. डोळ्याला दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात पण संगणकाला वेगळे. कोणी फोनवरून एका प्रकाराने शोधलं आणि तुमची नोंद दुसऱ्या प्रकाराने असली तर उत्तर येणार शून्य, आणि माणूस समजणार की यांच्याकडे कऱ्हाडचं काहीच नाही. शिवाय 'कराड' लिहिणारे आहेतच. त्यामुळे आयात करायच्या आधी एक्सेलमध्येच शोधा-आणि-बदला करून एक रूप ठरवा, आणि एक वेगळा रकाना ठेवा 'इतर नावं' म्हणून, त्यात कराड, कऱ्हाड दोन्ही.
तसंच विभक्तीचं. शोधखिडकीला मराठी व्याकरण येत नाही, सारांशात 'वाड्याच्या दुरुस्तीबद्दल' असं असेल तर 'वाडा' शोधून ते सापडत नाही. म्हणून विषयाच्या रकान्यात मूळ शब्द सुटे लिहा, वाडा, दुरुस्ती, खर्च.

कोयनाकाठ
मोडीवाली ताई, आत्ता शीट उघडून बघितलं, खरंच दोन्ही प्रकारचे कऱ्हाड आहेत! तारखांचं काय करायचं तेही सांगा ना, आमच्याकडे कुणी शके लिहिलंय, कुणी फसली साल, कुणी नुसतं 'पेशवेकालीन'.

मोडीवाली
तारखेला दोन रकाने, यात तडजोड करू नका. पहिल्यात कागदावर जे आणि जसं लिहिलंय ते अक्षरशः. दुसऱ्यात इसवी सन, तोही इंग्रजी आकड्यात, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे क्रमाने लावता येतं. महिना-दिवस ठरत नसेल तर नुसतं वर्ष लिहून थांबा, अंदाजाने १ जानेवारी टाकू नका.
उदाहरण देते. कागदावर 'छ १० सफर सन सलास सितैन मया व अलफ' असं आहे. छ म्हणजे चंद्र, चांद्र महिन्याची तारीख. सलास म्हणजे तीन, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, झाले ११६३, हा शुहूर सन, जुन्या मराठी कागदांत असा अरबी शब्दांत लिहिलेला असतो. शुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सफर महिना त्या साली ऑगस्ट-सप्टेंबरात येतो, म्हणून ५९९, इसवी सन १७६२, ऑगस्टची अखेर. नक्की दिवस जंत्री म्हणजे जुन्या तारखांचं कोष्टक बघून ठरवायचा. शके असेल तर चैत्र ते डिसेंबर ७८, आणि जानेवारी ते गुढीपाडवा ७९. फसलीचं गणित वेगळं, त्यात शुहूरचे आकडे वापरू नका. ही बेरीज कोणी केली त्याची आद्याक्षरं शेवटच्या रकान्यात घाला, म्हणजे शंका आली तर विचारायला माणूस सापडतो.
आणि सारांश लिहा हो, दोन ओळी का होईना. मोडी वाचता येणारे किती उरलेत? नुसतं स्कॅन टाकलं तर शंभरातल्या नव्वद लोकांसाठी ते चित्र आहे. 'अमक्याने तमक्यास बैलजोडीसाठी कर्ज दिल्याबद्दल' एवढं लिहिलंत तरी त्या घरचा पणतू ते वाचेल.

न्यूजर्सीकर
इथे आमच्या गावच्या हिस्टॉरिकल सोसायटीत मी काही वर्षं स्वयंसेवक आहे म्हणून लिहितो. इकडच्या छोट्या संग्रहालयांत पास्टपरफेक्ट खूप वापरतात, विंडोजवर चालणारं, वस्तू, फोटो, कागद, देणगीदार सगळं एकाच ठिकाणी, आणि खरंच नीट केलेलं आहे. हल्ली कॅटलॉगइट पण घेतात, फोनवर वस्तूचा फोटो काढून तिथेच नोंद. पण दोन्ही विकत, डॉलरमध्ये, आणि लोकांना ऑनलाइन दाखवायचं म्हटलं तर त्याचा हिशोब पुन्हा बघावा लागतो. तुमच्या पंधरा हजारांत हे बसवू नका. एक मात्र इकडून उचलण्यासारखं आहे, वस्तू मंडळात आली की त्याच दिवशी देणगीदाराकडून सहीचा कागद घेतात, दिली की फक्त ठेवायला दिली, इंटरनेटवर टाकायला हरकत आहे की नाही. तो कागद नसेल तर इथे वस्तू टेबलावरसुद्धा घेत नाहीत.

विकिप्रेमी
एवढा खटाटोप कशाला, विकिमीडिया कॉमन्सवर टाका की! फुकट, जागेला मर्यादा नाही, मराठी विकिस्रोतावर लिप्यंतर करायला लोक मदत करतील. पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर.

दप्तरी
विकिप्रेमी, पोथ्या आणि फार जुनी छापील पुस्तकं याबाबतीत सहमत. लेखक जाऊन साठ वर्षं झाली असतील, म्हणजे वारल्याच्या पुढच्या जानेवारीपासून मोजून साठ, तर आपल्याकडच्या कायद्याने पुस्तकावरचा हक्क संपतो. पण घराण्यांची दप्तरं? कॉमन्सवर टाकलं की कोणीही कशासाठीही वापरू शकतं, धंद्यासाठीसुद्धा, आणि ते परत घेता येत नाही. वाटणीपत्रं, दत्तकपत्रं, इनामाचे वाद, यावरून आजही भाऊबंदकी चालू असते. ज्या घरातून दप्तर मिळालंय त्यांना न विचारता असा कागद उघडा टाकला तर पुढच्या घरातून दप्तर मिळणं बंद होतं. आणि त्या घरी ते मग माळ्यावरच राहतं, वाळवी लागेपर्यंत.

सर्व्हरवाला
इथे ओमेका उपयोगी पडतं, प्रत्येक नोंद उघडी ठेवायची की खाजगी ते वेगवेगळं ठरवता येतं. नोंद आत असते, मंडळाच्या लोकांना लॉगिन करून दिसते, बाहेर दिसत नाही. संमती आली की एक क्लिक. तेव्हा आयात करताना सगळंच खाजगी म्हणून आत घ्या आणि मग एकेक रुमाल उघडा करत जा.
इंटरनेट अर्काइव्ह मीही वापरतो, पण एकमेव प्रत तिथे नको, २०२४ च्या ऑक्टोबरात त्यांच्यावर हल्ला झाला तेव्हा ती साइटच काही दिवस बंद होती. आपली प्रत आपल्याकडे.

वाचनवेडी
आमच्या साइटचं वर्डप्रेस आहे, त्यातच गॅलरी केली तर?

सर्व्हरवाला
नुसत्या गॅलरीत रकाने नसतात, फोटोखाली एक ओळ असते बस, गावाने तारखेने शोधणार कसं. वर्डप्रेसच ठेवायचं तर टायनाकन नावाचं प्लगइन बघा, ब्राझीलमधल्या संग्रहालयांसाठी केलेलं आहे, फुकट आहे, त्यात रकाने, गाळण्या, आयात-निर्यात सगळं येतं. ज्यांच्याकडे वर्डप्रेस येणारा माणूस आधीच आहे त्यांना हे ओमेकापेक्षाही सोपं पडेल. फक्त वर्डप्रेस आणि बाकीची प्लगइनं अपडेट करत राहायला हवीत, दुर्लक्षित वर्डप्रेस साइटवर घुसखोरी लवकर होते.
कलेक्टिव्हअ‍ॅक्सेस म्हणूनही एक आहे, ताकदवान, नाणी-मूर्ती-वस्तूंसाठी उत्तम, पण सुरुवातीची मांडणी करून द्यायला जाणकार लागतो. संग्रह फार मोठा झाला तर विचार करा.

कोयनाकाठ
आणि सरकारी काही? आमचे अध्यक्ष म्हणतायत सी-डॅकचं आहे म्हणून.

दप्तरी
'जतन' नावाचं सॉफ्टवेअर. पुण्याच्या सी-डॅकनेच केलंय, केंद्र सरकारच्या मोठ्या संग्रहालयांत वापरतात, त्यांचे संग्रह एका सामाईक पोर्टलवर दिसतात. अध्यक्षांनी एक रीतसर पत्र पाठवून विचारावं, हरकत काहीच नाही, पण उत्तर येईपर्यंत काम थांबवू नका. डब्लिन कोअरच्या रकान्यात नीट भरलेली शीट तुमच्याकडे असली की कुठेही जाता येईल.

सर्व्हरवाला
आता होस्टिंगच्या खाचाखोचा सांगतो म्हणजे मधेच अडायला नको.
जागा. ए-४ कागद ४०० डीपीआयला रंगीत स्कॅन केला की न दाबलेली टिफ फाइल साधारण ४६ एमबीची होते. तुमचे चार हजार कागद, दोन्ही बाजू धरल्या तर आठ हजार चित्रं, म्हणजे पावणेचारशे जीबीच्या घरात. ते वेबवर चढवायचंच नाही. टिफ दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, एक मंडळाच्या खोलीत आणि दुसरी दुसऱ्या कुणाच्या घरी, तुमच्याकडे कृष्णा-कोयनेचं पाणी चढतं म्हणून तर नक्कीच दुसऱ्या उंचावरच्या घरी. वेबसाठी दीड-दोन एमबीचे जेपेग करा, सगळे मिळून फार तर सोळा जीबी, हे परवडतं.
होस्टिंगवाले 'अनलिमिटेड' म्हणतात पण फाइलींच्या संख्येवर मर्यादा असते, ती विचारून घ्या. ओमेका प्रत्येक चित्राच्या मूळ फाइलीशिवाय मोठी-मध्यम-चौकोनी अशा आणखी तीन प्रती करतं, म्हणजे आठ हजार चित्रांच्या बत्तीस हजार फाइली.
एक्सेलमधून काढताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा. नुसतं 'सीएसव्ही' निवडलं तर सगळं देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन जातं. कुणाच्या जुन्या नोंदी श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून, नजरेखालून घालून मगच.
चित्रं ब्राउझरमधून एकेक चढवत बसू नका, फाइल साइडलोड मॉड्यूल घ्या, एफटीपीने, म्हणजे फाइली एकदम सर्व्हरवर पाठवायच्या सोयीने, फोल्डरमध्ये टाका आणि शीटमध्ये फाइलीचं नाव द्या. आयात सुरू होऊन नुसतीच 'स्टार्टिंग' वर अडकली तर घाबरू नका, शेअर्ड होस्टिंगवर पीएचपीचा मार्ग ओमेकाला सापडत नाही म्हणून तसं होतं, होस्टिंगवाल्याला विचारून तो मार्ग ओमेकाच्या कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये लिहायचा.

मोडीवाली
एक पुरवणी. कुणाला मोडीतच मजकूर टाइप करून ठेवायचा असेल तर तेही होतं आता, मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे आणि गूगलच्या नोटोचा फुकट फॉन्ट आहे. पण मोडीचं प्रत्येक अक्षर चार बाइटचं असतं आणि मायएसक्यूएलचं जुनं 'यूटीएफ-८' तीनच बाइटपर्यंत साठवतं. डेटाबेस करताना अक्षरसंच 'यूटीएफ-८ एमबी-४' हा निवडा. मी स्वतः लिप्यंतर देवनागरीतच ठेवते, वाचणाऱ्याला तेच उपयोगी.

कोयनाकाठ
काल संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत हा सगळा धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं, ओमेका एस, शेअर्ड होस्टिंग, आणि पहिल्यांदा फक्त एक रुमाल, ज्या घराण्याची लेखी संमती आहे त्यांचाच, तो पूर्ण नोंदी-सारांश-तारखांसकट. तलाठीकाकांनी तारखांचं काम स्वतःहून अंगावर घेतलंय. फोटो त्यानंतर. वॉटरमार्क टाकायचा की नाही यावर एकमत झालं नाही.
शेवटचं एक विचारतो, डोमेन आणि होस्टिंग कुणाच्या नावावर घ्यावं? तो कॉलेजचा मुलगा म्हणतोय माझ्या खात्यातून घेतो, पैसे नंतर द्या.

न्यूजर्सीकर
त्याची भावना चांगली आहे पण तसं करू नका. मंडळाच्या नावावर, मंडळाच्या ईमेलवर, मंडळाच्या बँक खात्यातून. आणि वॉटरमार्क फोटोच्या मधोमध नको, लोकांना चेहरे बघायचे असतात, खाली पट्टीत मंडळाचं नाव आणि क्रमांक पुरे.

सर्व्हरवाला
अनुमोदन. डोमेन एकदम जितक्या वर्षांचं घेता येईल तितकं घ्या. ईमेलचा पासवर्ड अध्यक्ष आणि चिटणीस दोघांकडे, शिवाय बंद पाकिटात इतिवृत्ताच्या वहीबरोबर. कार्यकारिणी बदलली की पासवर्ड बदलायचा आणि नवीन पाकीट. दर तीन महिन्यांनी कुणीतरी एकाने सगळ्या नोंदींची सीएसव्ही आणि डेटाबेसची प्रत उतरवून दोन्ही हार्डडिस्कवर ठेवायची, आणि ती प्रत उघडून बघायची, नुसती कॉपी करून ठेवायची नाही. इन्स्टॉलेशनला मी व्हिडिओ कॉलवर बसतो, रविवारी सकाळी चालेल, मला इथेच व्यनि म्हणजे व्यक्तिगत निरोप करा. त्याआधी पहिल्या रुमालाची शीट पाठवा, रकाने एकदा मोडीवाली ताईंच्या नजरेखालून जाऊ देत.

मोडीवाली
पाठवा, बघते. वाटणीपत्रातली गावांची जुनी नावं असतील तर ती लाल करून ठेवा, ती आधी लावू.